एकेचाळिसावं पान

तलासच्या कॉलेजात सप्टेंबरचा पहिला आठवडा एसेनकुल अगायचा, म्हणजे एसेनकुल सरांचा, असायचा. वर्षभर हा माणूस ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून कार्डं लावायचा, शेगडीत कोळसा घालायचा आणि बाहेरच्या पॉप्लरच्या झाडांकडे बघत चहा प्यायचा. पण त्या आठवड्यात त्याला बघावं! इस्त्रीचा कोट, डाळिंबी टाय, डोक्यावर नमद्याची पांढरी उंच टोपी आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता पडदा वर जाणार.

आणि तो जायचाच. कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोन विषयांची सगळ्यांना धास्ती, एक तत्त्वज्ञान आणि दुसरा कायद्याची मूलतत्त्वं. शिकवणारे मास्तर पहिल्याच तासाला हात झटकून मोकळे व्हायचे. "सुरुवातीला कुठलं पुस्तक वाचायचं ते एसेनकुल अगायना विचारा." मग डोंगरातल्या किर्गिझ गावांतून आलेली पोरंपोरी नवे, चावणारे बूट घालून ग्रंथालयाच्या दारात रांग लावायची.

"रशियन येतं ना?" एसेनकुल प्रत्येकाला विचारायचा.

"येतं, अगाय."

सगळीच येतं म्हणायची. नाही म्हणायची कुणाची छाती होती!

मग तो सावकाश उठायचा आणि कपाटापाशी जाऊन क्षणभर थांबायचा. ते थांबणं महत्त्वाचं. कसलेल्या नटालाच अशी जागा सापडते. मग दोन पुस्तकं टेबलावर यायची, तत्त्वज्ञानाचं हिरवं आणि कायद्याचं तपकिरी. तपकिरी सहाशे बारा पानांचं आणि विटेएवढं जड. "हे कळलं नाही, असं आजवर मला कुणी सांगितलेलं नाही," एसेनकुल म्हणायचा, आणि दोन्ही तळवे छातीसमोर उघडायचा.

तळवे उघडले की खोलीतला प्रत्येक माणूस असेल तिथे थांबायचा, कारण आता अगाय बाता देणार. थोरांचा आशीर्वाद हा, त्यात खोकायचीसुद्धा चोरी. एसेनकुलचा आवाज अशा वेळी पोटातून यायचा. "तुझी वाट मोकळी राहो. तुझा दिवा वाऱ्याला पुरून उरो. तुझ्या शब्दाला सभेत मान मिळो. ओमीन." मग सगळ्यांचे हात चेहऱ्यावरून फिरायचे. पोरगं छातीवर हात ठेवून वाकायचं आणि पुस्तक दोन्ही हातांनी उचलून निघून जायचं.

एकतीस वर्षं हा प्रयोग चालला आणि एकतीस वर्षांत एकही पुस्तक तक्रार घेऊन परत आलं नाही. एसेनकुल घरी हे अभिमानाने सांगायचा. त्याची बायको तुर्दुकान कणीक तिंबत ऐकायची. एकदा ती म्हणाली, "तक्रार करायला पोरांना तोंड उघडावं लागतं. तुम्ही त्याआधीच हात उघडता."

"तुला यातलं काय कळतं?" एसेनकुल म्हणाला होता.

"काही नाही. मी आपली कणीक तिंबते."

ते बोलणं तो तेव्हाच विसरला. विसरण्याची कला त्याला चांगली साधली होती आणि त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी, राजधानीचं नाव वेगळं होतं तेव्हा, एसेनकुल स्वतः तिथे वकील व्हायला गेला होता. अख्ख्या गावाने त्याला निरोप दिला, मेंढा कापला. विद्यापीठात एका नामवंत प्राध्यापकाने त्याच्या हातात हेच तपकिरी पुस्तक ठेवलं. वसतिगृहाच्या लोखंडी खाटेवर बसून एसेनकुल हिवाळाभर ते वाचत राहिला आणि एकेचाळिसाव्या पानावर अडकला. शब्द ओळखीचे वाटायचे, वाक्यं मात्र बंद दारासारखी. शेजारच्या खाटेवरचा पोरगा भराभर पानं उलटायचा. वसंतात एसेनकुल घरी परतला. वडिलांची तब्येत बरी नाही, असं त्याने गावात सांगितलं. वडील त्यानंतर बावीस वर्षं घोड्यावर बसत होते.

मग ग्रंथपालाचा अभ्यासक्रम केला, नोकरी लागली. पुढे देश बदलला, कायदे बदलले, तपकिरी पुस्तकाची नवी आवृत्ती आली. तिची प्रस्तावना तेवढी वेगळी होती, जडपणा तोच. एसेनकुलने बारा प्रती मागवल्या. मला कळलं नाही म्हणजे ते मोठंच असणार, आणि मोठं ते पोरांना द्यायला नको का? हा त्याचा हिशोब. त्यात कपट नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात ग्रंथालयाची कुजलेली फळी बदलायची म्हणून, पोरांकडची परत मागवून, सगळी पुस्तकं बाहेरच्या व्हरांड्यात आणली. एसेनकुल ओल्या फडक्याने एकेक पुस्तक पुसत होता. चाळीस वर्षं पुस्तकं हाताळणाऱ्याला पुस्तक उघडावं लागत नाही. मिटलेल्या पानांची कड बघितली की पुरते. बोटांचा मळ कडेवर बसतो. शिवणकामाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत काळं झालं होतं. एक जुनी प्रेमकथा तर फुगून दुप्पट झाली होती.

मग तपकिरी पुस्तकं हातात आली. पहिल्या प्रतीची कड नखाच्या रुंदीएवढी काळी होती आणि पुढे साखरेसारखी पांढरी. दुसरीही तशीच. तिसरीही. त्याने अकराच्या अकरा प्रती फरशीवर ओळीने मांडल्या आणि गुडघ्यांवर बसून बघितलं. मळ जिथे संपत होता तिथलं पान उघडून त्याने आकडे पाहिले. अडतीस. पस्तीस. एकोणतीस. एकेचाळीस.

व्हरांड्यात कुणी नव्हतं, तरी एसेनकुलने मागे वळून बघितलं. कानशिलं तापली होती. एकतीस वर्षांतली पोरं त्याच्या डोळ्यांसमोरून चालत गेली, नवे बूट घातलेली, पुस्तक दोन्ही हातांनी धरलेली. कितीजणांचे वडील वसंतात अचानक आजारी पडले असतील?

बारावी प्रत कुठे होती? कार्डावर नाव मिळालं, जिपारा, गाव नदीपलीकडचं. दोन वर्षांपूर्वी पुस्तक नेलं होतं, पहिलं सत्र संपायच्या आत कॉलेज सोडलं होतं. पुस्तक परत आलं नव्हतं. पुस्तक आणायला जातो, असं कॉलेजात सांगून एसेनकुल दुसऱ्या दिवशी प्रवासी व्हॅनमध्ये बसला. खरं म्हणजे त्याला ती कड बघायची होती. एक तरी कड शेवटपर्यंत काळी निघावी, एवढीच त्याची मागणी होती.

तलासच्या खोऱ्यात ऑक्टोबर म्हणजे घेवडा. अंगणाअंगणात पांढऱ्या, लाल, ठिपकेदार दाण्यांचे ढीग आणि ढिगाभोवती निवडायला बसलेल्या बायका. जिपाराच्या अंगणातही पाचसहाजणी होत्या. एसेनकुल फाटकाशी पोचला तेव्हा आत दोन जावांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"माझ्या पाळीचं पाणी हिने चोरलं!"

"चोरलं? तू लग्नात नाचत होतीस. पाणी काय तुझी वाट बघत बसणार?"

डोक्याला निळा रुमाल बांधलेल्या एका तरुण मुलीने दाण्यांवरची नजर न उचलता विचारलं, "ताई, लग्नाला जाताना ती पाणी घे म्हणाली होती का?"

"नको तर म्हणाली नव्हती!"

"ते नाही विचारलं. घे म्हणाली होती का?"

बायका हसल्या.

"म्हणजे न विचारता घेतलं," मुलगी म्हणाली. "पण घेतलं नसतं तर पाणी ओढ्यात गेलं असतं, तेही खरं. मग चोरी नाही, उसनं म्हणू या. येत्या उन्हाळ्यात तुझी एक पाळी हिला दे. आणि हे आत्ताच, सगळ्यांसमोर कबूल कर."

"बघा, आमची न्यायाधीशीण!" एक दात नसलेली म्हातारी म्हणाली. "हिला घेवडा निवडायला बसवलंय."

फाटकात उभ्या असलेल्या एसेनकुलला ते वाक्य चाबकासारखं बसलं. तेवढ्यात मुलीने वर बघितलं, आणि एकदम उठून ओच्यातले दाणे सांडत छातीवर हात ठेवला. "अगाय!"

मग काय विचारता! जिपाराची आई सालकीन धावत आली. एसेनकुलला घरात नेऊन दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीशी उशा दिल्या. पाव, साय, जर्दाळूचा मुरंबा, चहा. आणि त्याच्या बरोब्बर मागे, घडी करून रचलेल्या रजयांच्या उतरंडीवर, भरतकामाच्या रुमालात बांधलेलं काहीतरी ठेवलं होतं. सालकीनने ते दोन्ही हातांनी खाली घेतलं.

"तुमचं पुस्तक, अगाय. तुमचा बाता लागलेलं. आम्ही कधी जमिनीवर टेकवलं नाही. धाकट्याचं बारसं केलं तेव्हाही याच्या सावलीत ठेवलं त्याला."

एसेनकुलने रुमाल सोडला. कड बघितली. पानं चिकटली होती आणि काळी रेघ इतकी बारीक, की नीट बघावं लागलं. त्याने उघडलं. पहिल्या पानावर प्रत्येक रशियन शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात किर्गिझ अर्थ लिहिला होता. कागद दिसत नव्हता इतके शब्द. दहाव्या पानावर ते विरळ झाले होते. तेविसाव्या पानावर एक अर्थ अर्ध्यात तुटला होता. त्यापुढे पेन्सिल नव्हती.

"जिपारा," तो म्हणाला, आणि त्याचा तो पोटातला आवाज कुठे गेला कोण जाणे, "परत का नाही आलीस? दुसरं दिलं असतं."

जिपाराने खाली बघितलं. "बाता देऊन दिलेलं पुस्तक परत कसं आणणार, अगाय? तुमचा बाता नको म्हटल्यासारखं झालं असतं."

"नुसतं येऊन सांगायचं, कळलं नाही म्हणून."

"तुम्ही म्हणाला होता की हे कळलं नाही असं आजवर कुणी सांगितलेलं नाही." ती ओशाळं हसली. "मग मी बघितलं, पहिली मीच. म्हटलं, कशाला उगाच तुमचं रेकॉर्ड मोडायचं?"

हीच ती जागा होती. आता एसेनकुलने बोलायला हवं होतं. एकच वाक्य, अगदी साधं. सालकीन समोर हात जोडल्यासारखी बसली होती, दारातून बायका डोकावत होत्या, गादी मऊ होती आणि मान मोठा होता. एसेनकुलने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "कॉलेजात मोजदाद चालू आहे. म्हणून आलो होतो." आणि सालकीनने निघताना बाता मागितला तेव्हा त्याने तळवे उघडले आणि तिच्या घराला भरभरून बाता दिला. तुमच्या शब्दाला सभेत मान मिळो, असंही म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि त्या आवाजाची त्याला लाज वाटत होती. चांगला निघाला होता, म्हणून जास्तच.

संध्याकाळी तुर्दुकानने शेवयांचं कढण पुढे ठेवलं. तो जेवेना. शेवटी त्याने सगळं सांगितलं, कड, तेविसावं पान, रजयांवरचा रुमाल. आणि मग, लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर, वडिलांच्या आजारपणाचंही खरं सांगितलं.

तुर्दुकान चमचा पुसत राहिली. "तुमचे वडील आजारी नव्हते हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. घोड्यावरून सगळ्यांत पुढे तेच होते."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारायला जागा ठेवलीत?" ती म्हणाली. मग जरा नरमून, "मला नका सांगू. मी काही पुस्तक घेऊन गेले नव्हते तुमच्याकडून."

सकाळी तो ग्रंथालयात गेला. शेगडीमागे सुतळीने बांधलेला एक गठ्ठा वर्षानुवर्षं पडून होता. कुठल्याशा तालुक्यातल्या एका निवृत्त शाळामास्तराने किर्गिझ भाषेत लिहिलेली दोन पातळ पुस्तकं, एक तत्त्वज्ञानाचं आणि एक कायद्याचं. ती आली तेव्हा एसेनकुलने चाळली होती. चौऱ्याऐंशी पानं, आणि वर चित्रं! पोरांचा अपमान होईल म्हणून त्याने सुतळी परत बांधली होती. आता ती सोडली. कायद्याचं पुस्तक असं सुरू होत होतं: शेजाऱ्याच्या मेंढ्यांनी तुमचा घेवडा खाल्ला. तुम्ही एक मेंढी बांधून ठेवली. आता चोर कोण? तत्त्वज्ञानाचं असं: जुन्या तंबूचा नमदा बदलला, मग एकेक करून काठ्या बदलल्या. आज उभा आहे तो आजोबांचाच तंबू का?

एसेनकुल उभ्याउभ्याच वाचायला लागला, मग बसला. शेगडी विझली ते त्याला कळलं नाही. दुपारी त्याने कायद्याचं पुस्तक मिटलं. आयुष्यात शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं कायद्याचं हे त्याचं पहिलं पुस्तक, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आनंद व्हायला हवा होता. पण गठ्ठ्यावर बारा वर्षांची धूळ होती, आणि ती त्यानेच बसू दिली होती. त्याने कपाळ टेबलावर टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

रविवारी तो पुन्हा त्या फाटकात उभा होता. टाय नव्हता. सालकीन घरात चला म्हणाली तर त्याने मान हलवली आणि तो सरळ ढिगापाशी, बायकांमध्ये, पोत्यावर जाऊन बसला. बायका चपापल्या.

"जिपारा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो. आणि दोन वर्षांपूर्वीही. ते तपकिरी पुस्तक मलाही कळलं नाही. मीही वकील व्हायला गेलो होतो. एकेचाळिसाव्या पानाच्या पुढे गेलो नाही. पळून आलो आणि बापाला आजारी पाडलं. पुढे तेच पुस्तक मी तुम्हां पोरांना देत राहिलो."

घेवड्याचा आवाज थांबला. मग ती दात नसलेली म्हातारी म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरीपेक्षा अठरा पानं पुढे. शाबास, अगाय!"

बायका फिदीफिदी हसल्या. एसेनकुलही हसला असता, पण जिपारा हसली नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि या खोऱ्यात तरुण मुलगी वडीलधाऱ्याकडे अशी रोखून बघत नाही.

"दोन वर्षं, अगाय," ती म्हणाली. "दोन वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजते आहे. आईने घेवडा विकून बूट घेतले होते कॉलेजसाठी. ते मी अजून घालत नाही."

"जिपारा!" सालकीन ओरडली. "कुणाशी बोलतेस?"

"बोलू दे तिला," एसेनकुल म्हणाला. कान जळत होते. हीच जळजळ चुकवण्यासाठी तो आयुष्यभर हात उघडत आला होता, हे त्याला त्या पोत्यावर बसल्याबसल्या कळलं.

त्याने पिशवीतून दोन पातळ पुस्तकं काढली. "ही बघ. घरी राहून शिकणाऱ्यांची परीक्षा जानेवारीत आहे. मी कार्यालयात विचारून आलोय, तुझं नाव परत घालता येतं. घालायचं की नाही ते तू ठरव."

जिपाराने हात रुमालाला पुसले. पुस्तक उघडून पहिलं पान वाचलं. तिची भुवई किंचित वर गेली. "शेजाऱ्याच्या मेंढ्या," ती पुटपुटली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "ठेवून घेते. पण बाता देऊ नका."

सालकीनने गालावर हात मारून घेतला.

"नको म्हणून नाही, अगाय. कळलं नाही तर मला परत आणता आलं पाहिजे."

एसेनकुलने मान डोलावली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की त्याचे तळवे आपोआप वर येऊ लागलेत. एकतीस वर्षांची सवय ती! त्याने ते घाईघाईने समोरच्या घेवड्याच्या ढिगात खुपसले. हात आत गेलेच होते, मग तो दाणे निवडू लागला. वाईट निवडत होता. म्हातारीने दोनदा त्याच्या पाटीतले किडके दाणे काढून त्याला दाखवले. कुणी फार बोललं नाही. संध्याकाळची व्हॅन येईपर्यंत तो तिथेच बसून होता.

पुढचा आठवडाभर ग्रंथालयाचं दार वाजलं की तो उठून उभा राहायचा. कधी सुतार असायचा, कधी कॉलेजचा शिपाई. नवव्या दिवशी त्याने उठणं सोडलं. दहाव्या दिवशी दार उघडलं तेव्हा तो खाली मान घालून कार्डं लावत होता.

टेबलावर एक पातळ पुस्तक येऊन पडलं. आत काडी घालून ठेवलेली. कडेला पहिल्यापासून शेवटपर्यंत घेवड्याच्या मातीचे करडे ठसे होते.

"पान एकोणसाठ," जिपारा म्हणाली. "हे मला कळलं नाही, अगाय."

पायांत नवे बूट होते; दारापासून टेबलापर्यंत करकरत आले होते, ते त्याला आत्ता जाणवलं. एसेनकुलने चष्मा चढवला. ते पान त्याने दोनच आठवड्यांपूर्वी वाचलं होतं आणि कळलं असं समजून पुढे गेला होता. आता पुन्हा वाचलं. दोनदा वाचलं. मानेपासून कानापर्यंत ती ओळखीची ऊब चढत गेली.

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.